तारीख बरोबर आहे

आमच्या कचेरीत त्यांना सगळे तारीखबाई म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. मी त्यांच्याबरोबर अठ्ठावीस वर्षं काम केलं. त्यातली निदान वीस तरी आम्ही भांडण्यात घालवली असतील. तेव्हा पुढे जे कौतुक येईल ते मैत्रीखातर आहे असं कोणी समजू नये. माझा स्वभाव कौतुकाचा नाही. कचेरीत कोणालाही विचारा.

आमचं पुस्तक म्हणजे देशाची वार्षिकी. पाऊस किती पडला, धान्य किती पिकलं, कोण मंत्री झालं, कोण घरी बसलं, सगळं त्यात. पण घेणारा माणूस पहिलं धान्याचं पान उघडतो असं मी तरी कधी पाहिलं नाही. तो उघडतो मधलं जोडपान. डावीकडे जन्म, उजवीकडे मृत्यू. उजवं पान समजायला सोपं. त्या वर्षात देशातली कोण कोण नामवंत माणसं गेली, त्यांची यादी. डाव्या पानाची जरा गंमत आहे. यंदा जन्मलेलं पोर पुढे काय दिवे लावणार हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून तिथे आम्ही पन्नास वर्षांपूर्वी जन्मलेल्यांपैकी एव्हाना नाव काढलेली माणसं छापायचो. नाव आणि जन्मतारीख, बस्स. काय केलं ते डावीकडे लिहायचं नाही, असा बाईंचा दंडक. जिवंत माणसाचं काम अजून चालू असतं, मध्येच आपण कशाला टिपण काढायचं, असं त्या म्हणायच्या. उजवीकडे आलं की मात्र प्रत्येकाला एक अख्खी ओळ मिळायची. नाव, दोन तारखा आणि दहा शब्दांत त्याचं काम.

एका पानावर ओळी चाळीस. एकेचाळिसावी बसत नाही म्हणजे नाही. पानं लावायचं काम माझं, आणि आमच्या भांडणाचं मूळही तेच.

बाईंची खोली जिन्याखाली होती. एक खिडकी, तीही सायकली लावायच्या जागेवर उघडणारी. भिंतीला लोखंडी कपाटं, त्यांत खणांमध्ये उभी लावलेली जाड कागदाची पत्रकं, माणशी एक. कपाटाच्या दारावर त्यांनी आपल्या हाताने लिहून चिकटवलं होतं, ‘दोन तोंडं आणि एक कागद’. म्हणजे कुठलीही तारीख छापायची तर माहीत असणारी दोन माणसं हवीत आणि लेखी पुरावा हवा. एका गायिकेने दर खेपेला आपलं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं, तर बाईंनी तिच्या थोरल्या बहिणीला गाठलं. बहिणी आपल्या धाकट्या बहिणींचं वय लपवत नाहीत, हा त्यांचा अनुभव. गायिका कचेरीत येऊन तासभर बोलली. बाईंनी तिला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि खरी तारीख छापली.

पण कोण जिवंत आहे आणि कोण गेलं, हे कळायचं कसं? मोठी माणसं गेली की वर्तमानपत्रात येतं. पण एकदा कधीतरी नाव काढून मग कुठल्याशा गावात गुपचूप म्हातारी झालेली माणसं? त्यांच्यासाठी बाईंनी एक युक्ती काढली होती. डाव्या पानावर आलेल्या प्रत्येकाला दर नोव्हेंबरात एक जोडकार्ड जायचं. अर्धं आपल्याकडे ठेवायचं, अर्धं फाडून परत पाठवायचं. वर छापलेला प्रश्न एकच. ‘आमच्या नोंदीतील आपली जन्मतारीख बरोबर आहे ना, कृपया कळवावे.’ आता जन्मतारीख काय दर वर्षी बदलते? विचारायचं असायचं दुसरंच, पण ‘आपण आहात का’ असं कसं विचारणार. बाई भिडस्त. आणि गंमत अशी, की कार्ड घेणाऱ्या सगळ्यांना खरा प्रश्न कळत होता. एक निवृत्त न्यायाधीश दर वर्षी लिहायचे, ‘तारीख बरोबर. प्रकृतीही.’ एका कुस्तीगिराने लिहिलं होतं, ‘अजून चीत झालो नाही.’ ही उत्तरं बाई मला वाचून दाखवायच्या आणि स्वतःच आधी हसायच्या.

आणि उत्तर आलं नाही तर? पत्र नाही, फोन नाही. बाई पिशवी उचलायच्या आणि निघायच्या. अशा वेळी माणसाने स्वतः जावं, एवढंच म्हणायच्या. मग ते घर चार गल्ल्यांवर असो की दोन दिवसांच्या वाटेवर.

हे असं सव्वीस वर्षं चाललं. सव्वीस वर्षांत त्या जोडपानावर एकही चूक निघाली नाही. बाकीच्या पुस्तकाला दर वर्षी चुकीची दुरुस्ती सांगणारी चिठ्ठी जोडावी लागायची. एकदा तर आम्ही एका जिल्ह्यात समुद्र घातला होता. जोडपानाला मात्र कधी चिठ्ठी नाही. आणि एवढं करून पुस्तकात बाईंचं नाव कुठेही नव्हतं. संपादकांचं होतं, छापखान्याचं होतं, जाहिरातींचं बघणाऱ्याचंसुद्धा होतं. सव्विसाव्या वर्षी संपादकांना कुठून सुबुद्धी झाली कोण जाणे, त्यांनी जाहीर केलं की यंदा जोडपानाखाली ‘संकलन’ म्हणून बाईंचं नाव जाईल. दुसऱ्या दिवशी बाई माझ्या टेबलापाशी येऊन, नाव कुठल्या टायपात लावणार म्हणून उगाच विचारून गेल्या. नंतर परत येऊन, फार ठळक नको, असंही सांगून गेल्या. मी म्हटलं, मी काय नाटकाचा फलक रंगवतोय का.

त्याच डिसेंबरात एका धरणावरचे मोठे इंजिनियर कचेरीत आले. त्यांची पन्नाशी होती, तारखेचे कागद द्यायला आले होते. धरणाचं नाव ऐकून बाईंनी सहज विचारलं, की तिथल्या पाणबुडीबाई कशा आहेत.

या पाणबुडीबाईंची गोष्ट सांगायला हवी. नदीकाठच्या घरात वाढलेली बाई, अक्षरओळख नाही, पण पाण्याखाली श्वास धरण्यात पुरुषांना भारी. एका पुरात धरणाचा मोठा दरवाजा लाकडं अडकून उघडेना, तेव्हा ती सात वेळा बुडी मारून खाली गेली आणि सातव्या बुडीला दरवाजा मोकळा करून वर आली. पाणी वेळेवर सुटलं, नाहीतर धरण फुटून खालची गावं गेली असती. तिला पदक मिळालं, फोटो आला, आणि दोन वर्षांत लोक विसरले. तिची पन्नाशी आली तेव्हा बाई तिच्या गावी गेल्या होत्या. तिला स्वतःची जन्मतारीखच ठाऊक नव्हती. गावात टपालकचेरी उघडली त्या दिवशी आपण जन्मलो, असं आईने सांगितलेलं तेवढं आठवत होतं. बाईंनी दोन म्हाताऱ्या शोधल्या, टपालकचेरीचं पहिलं रजिस्टर शोधलं आणि तिला तारीख काढून दिली. पन्नासाव्या वर्षी त्या बाईला वाढदिवस मिळाला. तिचा नवरा शाळामास्तर. तेव्हापासून दर नोव्हेंबरात मास्तरांच्या वळणदार अक्षरात, बायकोच्या वतीने, कार्ड यायचं. ‘तारीख बरोबर आहे.’

इंजिनियर म्हणाले, की त्या जाऊन तीन वर्षं झाली, मी स्वतः स्मशानात होतो.

बाई उठल्या, खण ओढला आणि कार्ड काढलं. ते येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. ‘तारीख बरोबर आहे.’ त्याच्या मागे गेल्या वर्षीचं, त्याच्या मागे त्याआधीचं, आणि आणखी एक. मेलेल्या बाईची चार कार्डं. मी तिथेच होतो. बाईंचा चेहरा पाहून माझी थट्टा ओठातच राहिली.

संपादकांचं म्हणणं सरळ होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन वर्षं कोणाला कळलं नाही, पुढेही कळणार नाही. बाईंना ते पटेना. त्यांचा मुद्दा असा, की ज्या वर्षी ती गेली त्या वर्षीच्या पानात ती नाही, ते पान तर छापून झालं. आता गप्प बसलो तर ती कुठल्याच वर्षी मेली नाही, आणि मुख्य म्हणजे तिने काय केलं ती ओळ या देशात कुठेच छापली जाणार नाही. डावीकडे नुसतं नाव आणि तारीख, एवढ्यावर तिची बोळवण होणार. तिला यंदाच्या पानात घ्यायचं आणि खाली दुरुस्तीची चिठ्ठी जोडायची, यावर त्या अडून बसल्या. संपादक वैतागले. शेवटी टेबलावर हात ठेवून म्हणाले, “ज्या पानाला चुकीची चिठ्ठी, त्या पानाखाली मी संकलकाचं नाव टाकणार नाही. चिठ्ठी किंवा नाव. काय ते ठरवा.”

बाई म्हणाल्या, उद्या सकाळी पहिल्या गाडीने जाते.

मी बरोबर गेलो. माया वगैरे काही नाही, पान चार दिवसांत बंद करायचं होतं आणि बाई वेळेवर परत यायला हव्या होत्या. पाच तासांची बस. बाई खिडकीशी बसून पिशवी मांडीवर धरून होत्या. वाटेत एकदाच बोलल्या. म्हणाल्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं माझं. दर वर्षी कार्ड हातात होतं आणि मी बाकी देश पालथा घालत होते.

मास्तरांचं घर शाळेच्या मागच्या आळीत, दोन खोल्यांचं. दारातून आत शिरलं की समोर खुंटीवर जाड दोराचं वेटोळं. टेबलावर खडू, चष्मा, आणि आमच्या कार्डांचे अर्धे भाग एकावर एक ठेवून दोऱ्याने बांधलेले. मास्तर पंचाहत्तरीचे, ताठ. आम्हांला पाहून दचकले नाहीत. बसा म्हणाले आणि स्टोव्ह पेटवायला गेले. मी दोराकडे बघत होतो, तर मास्तर म्हणाले, की मला पोहता येत नाही, मी आपला काठावर दोर धरून उभा असायचो. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ओढा.

मग बाईंनी कार्डं पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. रागावल्या नव्हत्या. पण मास्तरांनीच आधी तोंड उघडलं, आणि वर्गात फळ्यावरची चूक दाखवावी तशा आवाजात म्हणाले, “मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. तुम्ही तिची जन्मतारीख बरोबर आहे का विचारलंत. ती बरोबर आहे. माणूस गेलं म्हणून जन्मतारीख चुकते का?”

सव्वीस वर्षं जो आडपडदा ठेवून विचारलं, तोच आडवा आला होता. मी चहाच्या कपात बघत बसलो. बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “चूक माझी आहे, मास्तर. आज सरळ विचारते. त्या कधी गेल्या?”

मास्तरांनी तारीख सांगितली नाही. उठले, दाराशी गेले, परत आले. मला वाटलं आता आम्हांला वाटेला लावणार. खुर्चीवर बसून त्यांनी कार्डांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. “आम्हांला मूलबाळ नाही. तिची माणसं आधीच गेली. वर्षातून एकदा कुठून तरी लांबून तिच्या नावाचं कार्ड यायचं, कोणीतरी तिची विचारपूस करायचं. मी कळवलं असतं, की ते बंद झालं असतं. दोर हातात होता हो. मला सोडवेना.”

बाईंचे डोळे भरून आले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि मला ते पाहायचंही नव्हतं, म्हणून मी घसा साफ करून कामाचं बोललो. मास्तरांना म्हटलं, तारीख दिली नाहीत तर ओळ मिळणार नाही. त्यांना ओळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. बाईंनी वार्षिकी उघडून उजवं पान दाखवलं. जोवर माणूस डावीकडे, तोवर नुसतं नाव. काय केलं ते फक्त इथे छापतो. पुढे शंभर वर्षांनी कोणी हे पुस्तक उघडलं, तर दरवाजा कोणी उघडला ते इथेच सापडेल.

मास्तर किती तरी वेळ ते पान वाचत राहिले. मग पेन्सिल घेतली आणि किती शब्द म्हणून विचारलं. मी म्हटलं, दहा. ते म्हणाले, बारा चालतील का. मी म्हटलं, दहा. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मी आयुष्यभर विसरणार नाही, पण दहा म्हणजे दहा.

दीड तास चाललं ते. पहिल्या खर्ड्यात ‘धाडसी’ होतं, ‘असामान्य’ होतं. मास्तरांनीच ते खोडलं, तिला असले शब्द आवडायचे नाहीत म्हणाले. मग गावं आली. तीही गेली, कारण ती कधी गावं वाचवली म्हणायची नाही, दरवाजा काढला म्हणायची. शेवटी राहिलं ते असं: ‘पाणबुडी; धरणाचा अडकलेला दरवाजा सात बुड्यांत मोकळा केला.’ मी मोजले. आठ. दोन शिल्लक आहेत म्हणालो. बाईंनी सुचवलं, ‘दोर नवऱ्याकडे’ घाला, बरोबर दोन होतात. मास्तर हसले, पहिल्यांदाच. मान हलवून म्हणाले, नको, ओळ तिची आहे.

मग त्यांनी कागदाचा कोपरा दुमडला, आणि ओळीखाली तारीख लिहिली. एकवीस जुलै. पाण्याने तिला कधी घेतलं नाही, साध्या तापाने घेतलं होतं. दुसरं तोंड म्हणून शेजारच्या काकूंना बोलावलं, त्यांनीही तीच सांगितली. नगरपालिकेचा दाखला मास्तरांनी ट्रंकेच्या तळातून काढून दिला. दोन तोंडं आणि एक कागद. निघताना बाई मास्तरांच्या पाया पडल्या. मला ते अपेक्षित नव्हतं, आणि मास्तरांनाही नसावं.

परत आल्यावर पान लावायला बसलो, तर चाळीस ओळी आधीच भरलेल्या. कोणाला काढणार? बाई माझ्यासमोर उभ्या. आयुष्यभर ज्याला नाही म्हटलं ते मी त्या दिवशी केलं. मथळ्याखालची नक्षीची पट्टी काढून टाकली आणि एकेचाळिसावी ओळ बसवली. सगळ्यांत आखूड ओळ ती. शेवटी दोन शब्दांची जागा मोकळी. मी ती भरायचा प्रयत्न केला नाही.

संपादकांनी शब्द पाळला. जोडपानाखालचं बाईंचं नाव गेलं. आणि बाईंनी आपला शब्द पाळला. प्रत्येक प्रतीत एक लहान चिठ्ठी घातली. ‘ही नोंद तीन वर्षांपूर्वीच्या पुस्तकात यायला हवी होती. आली नाही, ही चूक संकलन करणारीची आहे.’ खाली सही, पूर्ण नावाची. त्या पुस्तकात बाईंचं नाव छापलं गेलं ते तेवढ्या एकाच वेळी, आणि तेही चुकीखाली. ते नाव मी स्वतः टायपात लावलं. फार ठळक केलं नाही. त्यांनी तसं सांगितलं होतं. राग मात्र आला होता, ते इथे सांगून टाकतो.

पुढच्या नोव्हेंबरात मी टपालात जाणारी कार्डं गठ्ठा करून बांधत होतो. यादीतल्या नावांपेक्षा एक कार्ड जास्त भरलं. बघितलं तर मास्तरांच्या नावाचं. मास्तर काही नामवंत नव्हेत, डाव्या पानावर कधी आले नाहीत, येणारही नाहीत. आणि छापलेल्या प्रश्नावर बाईंनी शाईने काट मारून खाली लिहिलं होतं, ‘कसे आहात?’ मी ते कार्ड गुपचूप गठ्ठ्यात परत घातलं.

दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. कपाटं गेली, सगळं संगणकावर गेलं, कार्डं बंद झाली. उरलेल्या कोऱ्या कार्डांची एक चवड बाईंनी नेली, एक मी घरी आणली. दर नोव्हेंबरात एक बाईंना टाकायचो, काही न खोडता, मुद्दाम छापील प्रश्नासकट. उत्तर चार दिवसांत. ‘तारीख बरोबर आहे. तिकीट वाकडं लावलंत.’ दुसऱ्या वर्षी, ‘तारीख बरोबर आहे. अक्षर बिघडत चाललंय तुमचं.’ तिसऱ्या वर्षीही असंच काही. भेटायला जायचं राहून जायचं. माझा गुडघा, त्यांचा तिसरा मजला, निमित्तांना काय तोटा.

यंदा नोव्हेंबर संपला तरी कार्ड आलं नाही. पाच डिसेंबर झाला. बायको म्हणाली, फोन करा. मी फोनकडे बघितलं आणि चपला घातल्या. अशा वेळी फोन करायचा नसतो, एवढं अठ्ठावीस वर्षांत शिकलो होतो. तीन जिने चढताना प्रत्येक वळणावर थांबलो, आणि गुडघ्यासाठी थांबतोय असं स्वतःला सांगत राहिलो.

दार बाईंनीच उघडलं. चष्मा कपाळावर, हातात चहाची किटली. टेबलावर मास्तरांचं यंदाचं कार्ड होतं, आणि त्याच्या शेजारी माझं, उत्तर लिहिलेलं, तिकीट लावलेलं, सरळ. तीन आठवडे तिथेच पडून असणार ते. माझा श्वास अजून जागेवर आला नव्हता, आणि आता मात्र मला भयंकर राग आला. मी विचारलं, टाकलं का नाही?

बाईंनी दुसरा कप काढला.

“टाकलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर तुम्ही आला असता का?”

मी बसलो. चहा फार गोड होता, तेही त्यांना सांगितलं. मग संध्याकाळपर्यंत आम्ही चाळीस ओळींवरून भांडलो.